दातांतलं गाव

प्रवरेकाठच्या उत्खननाच्या खड्ड्यात दुपारी बसलं की मला हमखास पेंग येते. मिटल्या डोळ्यांपुढे तीन हजार वर्षांपूर्वीची माणसं चालू लागतात. पाठीवर पोरं, पुढे गुरं, नदीचा काठ धरून निवांत चाललेली. ती कुठून आली, हे शोधणं माझं काम. लहानपणी प्यायलेलं पाणी दाताच्या कठीण थरात मुरतं. पुढे माणूस कुठेही जाऊन मरो, दात मूळ मुलूख सांगतो.

आईला हे सगळं थोतांड वाटायचं. "लोकं मढ्याच्या टाळूवरचं लोनी खात्यात, तू तर दातबी सोडीत न्हाईस," म्हणायची. यंदा हिवाळ्यात तिला हट्टाने पाथर्डीकडच्या आमच्या गावाहून खड्डा बघायला आणलं. उमेदीची सगळी वर्षं तिने ऊसतोडीत काढलेली, त्यामुळे हा भाग तिच्या पायाखालचा होता.

त्या दिवशी एका जुन्या घराच्या जमिनीखाली तान्हं मूल सापडलं होतं, तोंडाला तोंड लावलेल्या दोन रांजणांत पुरलेलं. आई खड्ड्याच्या काठावर बसली.

"घरातच ठिवलं?"

"हो. तशीच रीत होती. खाली लेकरू, वर माणसं नांदायची."

"बरं हुतं मंग त्यांचं."

मग ती सांगू लागली. "तुझ्या आधी एक पोरगं झालं हुतं. ह्याच अंगाला, तोडीवरच्या पाचटाच्या कोपीत. पाचवी पुजायच्या आधीच गेलं. उसाच्या बांधाला माती दिली."

चाळिशी गाठली तरी हे मला ठाऊक नव्हतं. आधी रागच आला, मग रडू.

"ते आता कुठलं म्हनायचं गं? आपल्या गावचं घोटभर पानीबी न्हाई प्यायलं."

"प्यायलं," मी म्हणाले. "दुधाचे दात पोटात असतानाच हिरडीत घडायला लागतात. पावसाळाभर तू गावातच होतीस ना? तू प्यायलीस तेच पाणी त्याच्या दातात गेलं."

ऊन मऊ झालं होतं. नदीपलीकडे उसाचे तुरे हलत होते आणि आई तिकडेच बघत होती.

"म्हंजी उद्या कुनाला घावलं, तर ते आपल्याकडचं हाय, हे त्याला कळंल?"

"कळेल."

"मंग त्याला एवढं सांगून ठिव. टाकून न्हाई गेलो म्हनावं. त्या साली ऊस कमी, कारखाना पौषातच बंद झाला हुता. गावाकडं निघायची गाडी भरून उभी हुती."