कुरणाची तार
कापलेल्या गवताचा वास आला की सचिन गावाजवळचं तारेच्या कुंपणातलं राखीव कुरण आठवतं. घरचे मालक कापडाच्या लूमवर कामाला जायचे, मी दोन म्हशी सांभाळायचे. गवत टिकावं म्हणून वनखातं मोजकीच जनावरं आत चरायला सोडायचं. त्या वर्षी चराईचा पास शेजारणीला मिळाला. तिच्या गायी कमरेएवढ्या गवतात, माझ्या म्हशी बाहेर धुळीत. जळफळाटाने एका दुपारी मीच तार सोडली. मोकाट गुरं शिरली, राखलेलं गवत तुडवलं गेलं. आत तिच्याच गायी असायच्या म्हणून गुजराती रखवालदाराने तिलाच धरलं, "बेन, तुमचा पास बंद!" ती रडत माझ्याकडे आली, "तू तरी सांग ना त्याले, मी नाही केलं." मी म्हटलं, "मला काय माहीत?" आज कबूल करते, तिच्या गायीही कुंपणाबाहेर उभ्या दिसल्या, तेव्हा मला बरं वाटलं होतं.