सोमलाच्या बोटातली सुई

सोमलाच्या बोटातून काढलेली सुई तपासणाऱ्यानं तशीच माझ्या बोटात मारली. पुसलीसुद्धा नाही.

सोमला माझा चुलत दीर. त्याचे डोळे कधीचे पिवळे झाले होते. तांड्यावर सगळ्यांना दिसत होतं.

कुरुंद्याला एका पाटलाच्या ओसरीवर रक्तातली साखर तपासायचं शिबिर होतं. दोन हजार सालानंतरची गोष्ट. पाटलाच्या घरची माणसं आधी खुर्चीवर बसली. तपासणाऱ्याच्या हातात पेनासारखं यंत्र होतं. खटका दाबला की सुई बाहेर. घरच्या प्रत्येकासाठी त्यानं नवी सुई लावली. मग आम्हा तांड्यावरच्या मजुरांना अंगणात खाली बसवलं. आमच्यासाठी सुई बदलणं बंद झालं.

हळदीच्या कामानं माझ्या बोटाची कातडी जाड झाली होती. रक्त येईना. त्यानं पुन्हा मारली. पुन्हा.

"बोट हाय का खूर?" तो म्हणाला.

ओसरीवरची माणसं हसली. मीही हसले. मला काही वाटत नव्हतं. दुसऱ्या कुणाचं बोट असावं तसं मी माझ्या बोटाकडं बघत होते.

माझ्या मागं माझी सून. पोटुशी होती. तो तिच्याकडं वळला. सुईवर माझं रक्त अजून ओलं होतं. मी सुनेचं मनगट धरून हात मागं ओढला.

"नवी सुई लाव, भाऊ."

"काहून? एकाच तांड्याच्या ना तुमी? मग रक्त बी एकच."

"पाटलीणबाईंचं घर बी एकच हाय. तिथं कशाला बदलली?"

या वेळी कुणी हसलं नाही. पाटलीणबाई बोलल्या, "फुकटात भेटून राहिलं, तर लमाणणीला नखरे सुचून राहिले. उद्यापासून हळदीला येऊ नको."

"न्हाई येत."

सुनेला उठवलं आणि निघाले. मागं वळून बघितलं. आमच्या बायांनी बोटं पुढं केली होती. एकही उठली नाही.

काही वर्षांनी मोतीबिंदू काढायला हिंगोलीला गेले. आधी रक्त तपासलं. रक्तातून पसरणारी कावीळ निघाली. त्या शिबिरातल्या सुईनंच झाली का, म्हणून विचारलं.

"आता सांगता येत नाही, मावशी," डॉक्टर म्हणाला. "झाली असेलही."

काविळीमुळं माझं ऑपरेशन सगळ्यांच्या शेवटी ठेवलं. सोमला तोवर पोट फुगून मेला होता. मी रडले नाही. घरी येऊन भाकरी टाकल्या. सुनेचं आणि नातीचं रक्त तपासून घेतलं. त्यांच्यात काही नव्हतं.

आता तांड्यावर कुणी तपासायला आलं की मी पुढं जाऊन बसते. सुईचं टोपण माझ्यासमोर निघालं पाहिजे. वापरलेली सुई माझ्यासमोर डब्यात पडली पाहिजे. माणूस बदलला की सुई बदलली पाहिजे, मग तो कुणाच्याही घरचा असो. ऐकत नसेल तर त्याचं सामान उचलून तांड्याच्या बाहेर ठेवते. "म्हातारी लई भांडखोर हाय," म्हणतात. हाय.

हे माझ्यासोबत झालं. मी तांड्यावरची बाई, चौथी शिकलेली. अजून जिवंत आहे.