सकाळच्या बसने तारखेला

माझी अम्मी राजुऱ्याच्या आसपासच्या खेड्यांत बांगड्या विकायची. एका गावात ती एका बाईच्या हातात बांगड्या भरत होती, तेवढ्यात त्या बाईचा दीर कुऱ्हाड घेऊन अंगणात आला. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, त्यांचं भांडण आधीपासून होतं. घाव खांद्यावर बसला. बाई वाचली, पण उजवा हात पुन्हा वर गेला नाही. पाहणारी एकटी अम्मी. तिने पोलिसांना सगळं सांगितलं आणि आमच्या चंद्रपूरच्या कोर्टाच्या फेऱ्या सुरू झाल्या.

तिथल्या जजसाहेबांची बदली झाली होती, त्यांच्या जागी कोणी आलंच नव्हतं. चार्ज दुसऱ्या साहेबांकडे, आणि त्यांची स्वतःचीच कामं संध्याकाळपर्यंत उरकत नसत. आम्ही व्हरांड्यात बसायचो. दुपारी शिपाई पुढची तारीख सांगायचा.

दीर जामिनावर होता. सकाळची बस आम्हाला सोयीची, तशी त्यालाही. तो नेमका आमच्या मागे बसायचा. अम्मी खिडकीची दांडी घट्ट धरून ठेवायची. एकदा बल्लारपूर आलं तसा तो पुढे वाकला.

"बाई, उमर झाली तुमची. काऊन येऊन राह्यल्या एवढ्या दूर? साहेब तं येतच नाई."

अम्मीने मान वळवली नाही. घरी मी पोलिसांत जाऊ म्हटलं, तर म्हणाली, "क्या बोलेगी उनको? फिकर से पूछा, ऐसाच बोलेगा वो."

वर्षं गेली. मध्ये त्या बाईचा नवरा तापाने वारला.

शेवटी नवे साहेब आले. अम्मी बाहेर थांबली, मी आत मागच्या बाकावर होते. आधी त्या बाईला बोलावलं.

"कोणी मारलं?" सरकारी वकिलांनी विचारलं.

"कोणी नाई. मी पडली. खाली कुऱ्हाड होती."

त्यांनी पुन्हा विचारलं. तेच उत्तर. लगेच अम्मीचा पुकारा झाला. तिला सावध करायची सोयच नव्हती. तिने सगळं जसंच्या तसं सांगितलं, दिराकडे बोटही दाखवलं. मग त्याचा वकील उठला.

"जखमी बाई स्वतः सांगते ती पडली. तुम्ही खोटं काऊन बोलता?"

अम्मीने माझ्याकडे पाहिलं. मी नजर खाली घेतली नाही. ती साहेबांकडे वळली.

"ती काय बोलली मले नाई माहीत, साहेब. मी पाह्यलं ते सांगून राह्यली."

बाहेर पायऱ्यांवर ती बाई थांबली होती. "बाई, राग नका धरू. तेव्हाच साहेब असते तं बोलली असती मी. आता घरधनी नाई. वावर दीरच वाहते, त्याच्याच आसऱ्याले राह्यतो."

अम्मीने तिचा निकामी हात क्षणभर हातात घेतला.

तो सुटला. निकालाचं मी घरी सांगितलं तेव्हा अम्मीने एवढंच विचारलं, "मेरी बात लिखी क्या उन्होंने?"

लिहिली होती. पण तिच्या एकटीच्या सांगण्यावर भागलं नाही, हेही त्यातच लिहिलं होतं. ते मी तिला सांगितलं नाही.