पालथी बाजू

आज पेटी उघडली अन् डांबरगोळ्यांचा तोच म्युझियमवाला वास आला! मी एकदम दहावीत! आम्ही आईले याडी म्हणतो. फुलसावंगीहून याडी अन् मी भरतकामाच्या एका मोठ्या डिझायनर बाईचं म्युझियम पाहाले गेलतो. तिथं याडीनं टांगलेली चादर सरळ पालथीच केली!

"ओ मावशी, हात नका लावू!" गार्ड ओरडला.

"अरे भाऊ, पालथं पाह्यल्याबिगर टाका कसा कळंल?"

सगळे हासले. मी दुसऱ्याच कोणासंग आल्यासारखी लांब जाऊन उभी राह्यली. याडीनं माह्याकडं पाह्यलं अन् चादर हळूच सरळ केली.

पेटीत तिनं माह्यासाठी भरलेली ओढणी आहे. इतक्या वर्षांत मी ती एकदाही पालथी करून पाह्यली नव्हती. आत्ता केली. सुलट्या बाजूसारखीच साफ, एक गाठ दिसत नाही! कधीची याडीले फोन लावून राह्यली, ती उचलूनच नाही राह्यली.