राजानंदच्या रॉकेटवरचं कुंकू

हृषिकेशवरचा माझा राग दोन वर्षं झाली तरी उतरलेला नाही. त्यातला निम्मा खरं तर स्वतःवरचा आहे, आणि तो उतरायची मला आशाही नाही.

लुडविग्सहाफेनला केमिकल कंपनीत राजानंद आणि मी एकाच मजल्यावर बसतो. तो केमिस्ट, मूळचा नागपूरचा, आणि चिडका म्हणून प्रसिद्ध. मीटिंगमध्ये कुणी त्याचं वाक्य तोडलं की तो ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. हा माणूस दोन हिवाळे दर शनिवारी इमारतीच्या केलरमध्ये, म्हणजे तळघरात बसून साडेतीन मीटरचं रॉकेट बांधत होता. खेळणं नव्हे. एवढ्या मोठ्या इंजिनाला हात लावायचा तर जर्मनीत सरकारी परवाना लागतो. त्यासाठी कोर्स, जर्मनमधून परीक्षा, वर पोलीस चौकशी. भारतीय पासपोर्ट बघून टेबलापलीकडच्या बाईंनी त्याला तीनदा विचारलं, रॉकेट कशासाठी. उडवण्यासाठी, असं याने तीनदा सांगितलं. चौदा महिन्यांनी कागद हातात आला. एका तक्रारीवर तो परत जाऊ शकतो, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

२००७ च्या सप्टेंबरात त्याच्या रॉकेट क्लबने एका जुन्या धावपट्टीवर उड्डाणं ठेवली. दुपारी तीनपर्यंतच आकाश मोकळं मिळणार होतं. रॉकेट उचलून उभं करायला चार माणसं लागतात, म्हणून राजानंदने आम्हा चौघा मित्रांना बोलावलं. त्यात वोल्फ्सबुर्गच्या मोटार कारखान्यातला इंजिनिअर हृषिकेशही होता. त्याने आदल्या आठवड्यात फोनवर पूजेची गोष्ट काढली, तेव्हा राजानंदने त्याला स्वच्छ नाही म्हटलं होतं. मी शेजारीच उभा होतो.

तरी हा पठ्ठ्या नारळ आणि कुंकू घेऊन आला. राजानंद इंजिन तपासून घ्यायला तंबूत गेला, तेवढ्यात याने तेलात कुंकू कालवलं.

"त्यांच्यात नसतं हे," तो मला म्हणाला. "पण आपण आहोत ना."

ते 'त्यांच्यात' मला नीट ऐकू आलं. लहानपणापासून ऐकत आलोय, अर्थ सांगायला कोणी लागत नाही. मी काय केलं? हसलो. ओशाळं, पण हसलोच. आणि त्याने त्या पांढऱ्याशुभ्र रॉकेटवर वीतभर मोठं लाल स्वस्तिक काढलं. जर्मनीत! सहा वर्षं इथे राहून, इथला पगार खाऊन, या माणसाला एवढी अक्कल नव्हती, आणि ती मलाही त्या क्षणी सुचली नाही.

दोरीपलीकडे एक बाई मुलीला घेऊन उभ्या होत्या. त्यांनी पाहिलं, मुलीचा हात धरला आणि गाडीकडे निघून गेल्या. मग क्लबचे प्रमुख ब्रांट आले, त्यांच्यामागून राजानंद. ब्रांट हळू आवाजात म्हणाले, हे इथे उडणार नाही, आणि हे कोणी काढलं ते मला लिहून घ्यावं लागेल. हृषिकेशने पाच हजार वर्षांच्या शांतीच्या चिन्हावर व्याख्यान सुरू केलं. ब्रांट ढिम्म. तेव्हा तो राजानंदकडे वळला आणि म्हणाला, तूच सांग यांना, आपली संस्कृती आहे म्हणून.

"माझी नाही," राजानंद म्हणाला. "मी फोनवर नाही म्हणालो होतो."

तेल रंगात मुरलं होतं. पुसलं तर गुलाबी डाग पसरायला लागला. राजानंदने पेटीतून पॉलिश पेपर काढला आणि हृषिकेशपुढे धरला. तो मागे सरला. कुंकू असं खरवडू नये, अपशकुन होतो म्हणे. राजानंद गुडघ्यांवर बसून स्वतःच घासायला लागला. दोन हिवाळ्यांचा रंग पांढरी भुकटी होऊन त्याच्या बुटांवर पडत होता. मी दहा पावलांवर उभा. मला त्या हृषिकेशच्या कानाखाली द्यावीशी वाटत होती, आणि मी त्याच्याच शेजारी हाताची घडी घालून उभा होतो.

अडीच वाजता ब्रांटनी होकारार्थी मान हलवली. आम्ही चौघं रॉकेटकडे निघालो. राजानंदने हात वर करून आम्हाला थांबवलं आणि क्लबमधल्या चार जर्मनांना हाक मारली.

पावणेतीनला रॉकेट सुटलं. सरळ, स्वच्छ गेलं, ठिपका झालं, मग केशरी पॅराशूट उघडलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हृषिकेशने सगळ्यांत जोरात वाजवल्या.

रॉकेट दूर शेतात उतरलं. ते आणायला राजानंद त्या चौघांबरोबर निघाला, तेव्हा मी धावत त्याला गाठलं आणि विचारलं, मी येऊ का.

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि तेच मला सोसवेना.

"तो कुंकू कालवत होता तेव्हा यायचं होतंस, श्रीरंग," तो म्हणाला, आणि चालू लागला.