करामाच्या स्टोअररूममधली वाइन

इथे आखातात, करामातल्या आमच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराला लागून एक बिनखिडकीची स्टोअररूम आहे. इतरांच्या घरी तिथे सुटकेसा आणि तांदळाच्या गोण्या असतात. मी तिथे नऊ-दहा महिने वाइन आणि बिअर करत होतो.

हे कायद्यात बसत नाही, हे मला ठाऊक होतं. बायकोने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, की दुकानात रीतसर मिळते ती आण, घरात हे नको. पण मला नुसती प्यायला नको होती. अल क्वोजमधल्या एका पॅकेजिंग कंपनीत मी क्वालिटी मॅनेजर आहे. दुसऱ्यांनी केलेले खोके तपासून पास-नापास करण्यात माझी चौदा वर्षं गेली. स्वतःच्या हातांनी काहीतरी करावं आणि ते चांगलं व्हावं, एवढीच हौस होती.

पहिली खेप द्राक्षाच्या ज्यूसची. तिचं महिन्याभरात व्हिनेगर झालं. अकरा वर्षांची मुलगी नाक धरून दारातूनच म्हणाली, "डॅड, इट स्मेल्स लाइक फीट." खजुराच्या वाइनला बुरशी आली. बिअरसाठी पुण्याहून हॉप्सच्या कडू फुलांची पाकिटं कपड्यांत गुंडाळून आणली होती. ती बिअर इतकी कडू झाली की घोट गिळवेना. शिवाय मी झाकणं फार घट्ट लावली होती. दोन बाटल्या भर दुपारी फुटल्या तेव्हा बायको घरात एकटीच होती. तिने काचा वेचल्या, फरशी पुसली आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

आमच्या कंपनीत मेंटेनन्सला एक फिटर होते. सावंतवाडीकडचे, पन्नाशी ओलांडलेले. मी त्यांना काका म्हणायचो, ते मला साहेब. एकदा मी त्यांच्याकडे अर्धा मीटर बारीक नळी मागितली. कशाला हवी, ते मी सांगितलं नाही. त्यांनी हळूच विचारलं, "साहेब, आंबवताय काय?"

त्यांच्या वडिलांची काजूच्या बोंडूंची दारू गाळायची भट्टी होती. लहानपण त्या वासातच गेलेलं. पुढच्या रविवारी ते कामगारांच्या कॅम्पमधून बस पकडून आमच्याकडे आले. झाकणाला भोक पाडून नळी बसवली, वायू बाहेर जावा पण हवा आत येऊ नये म्हणून तिचं दुसरं टोक पाण्याच्या ग्लासात सोडलं. मी रोज झाकण उघडून बघतो, हे ऐकून ते हसले. म्हणाले, "पोराला रोज उठवून बघाल तर ते झोपेल कधी?"

मग ते दर रविवारी यायला लागले. बायको त्यांना जेवायला वाढायची. सोलकढी केली की ते तिला ताई म्हणत दोनदा मागून घ्यायचे. जेवण झालं की स्टोअररूममध्ये जायचे, वाइन उजेडात धरायचे, वास घ्यायचे आणि ग्लास खाली ठेवायचे. ओठाला कधी लावला नाही. साहेबाच्या घरी कसं प्यायचं, म्हणून संकोचत असतील असं मी धरून चाललो.

सातव्या महिन्यात द्राक्षाची एक खेप जमली. स्वच्छ, गडद, जिभेवर किंचित तुरट. मी इतका खूश झालो होतो की जेवणाच्या आधीच दोन ग्लास भरून आणले. काका म्हणाले, मी घेत नाही. मी हसण्यावारी नेलं. वासावरून एवढं कळतं तुम्हाला आणि घेत नाही कसं म्हणता, असं म्हणालो. बायको दारातून म्हणाली, "अरे, नको म्हणतायत तर राहू दे ना."

मी राहू दिलं नाही. "काका, ही तुमची पण आहे. माझ्यासाठी एक घोट," असं म्हणून ग्लास त्यांच्या हातात दिला.

त्यांनी तो उभ्यानेच, औषध घ्यावं तसा, एका दमात संपवला. मग रिकामा ग्लास माझ्यापुढे धरला. मला वाटलं, ही पावती. दुसरा ग्लास मी काठोकाठ भरला.

त्यानंतर ते आठवड्यात मधल्या वारीही यायला लागले. जेवायला थांबेनासे झाले. जाताना पाण्याच्या बाटलीत भरून मागायचे आणि मी द्यायचो. माझी वाइन कुणाला तरी इतकी आवडते, याचं मला कौतुक होतं. बायको म्हणाली, त्यांचे हात थरथरतात, तुझ्या लक्षात आलंय का? मी म्हणालो, वय झालंय.

दोन महिन्यांनी ते एका सकाळी मशीनवर आले नाहीत. कॅम्पच्या सुपरवायझरला ते जिन्यात पडलेले सापडले, बाजूला ती बाटली. एचआरची मॅनेजर लेबनॉनची. तिला हिंदी येत नव्हतं आणि काकांना इंग्रजी. म्हणून तिने दुभाषी म्हणून मला बोलावलं.

काका खुर्चीच्या कडेला बसले होते. कपाळाला पट्टी. तिने विचारलं, ही कुठून आणली? मी तो प्रश्न मराठीत केला. स्वतःच्याच वाइनबद्दल मीच त्यांना विचारत होतो. त्यांनी मान वर केली नाही. म्हणाले, "साहेब, तुमचं नाव येणार नाही. बाहेर एका माणसाकडनं घेतली म्हणून सांगा."

मी फक्त दुसरं वाक्य इंग्रजीत सांगितलं. तिने ते लिहून घेतलं आणि खाली भाषांतर करणारा म्हणून माझी सही घेतली.

कंपनीने पोलिसांना कळवलं नाही, ते आपले उपकारच असं त्यांना ऐकवलं. व्हिसा रद्द करून आठवड्याच्या आत त्यांना परत पाठवलं. विमानतळावर मी गेलो नाही. सोबत दिसलो असतो तर कुणीतरी दुवे जोडले असते. त्या संध्याकाळी मी स्टोअररूममधलं सगळं मोरीत ओतलं. मला वाटलं होतं, बायको काहीतरी बोलेल. तिने फक्त नळ सोडून ठेवला, वास जाईपर्यंत.

महिन्याभराने मी त्यांच्या गावच्या नंबरवर फोन केला. त्यांच्या बायकोने घेतला. मी कंपनीतला साहेब, एवढीच ओळख दिली. ते घरात नाहीत म्हणाली. कुठे असतात, ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मग आपणहून बोलायला लागली. देवाला नारळ ठेवून त्यांनी दारू सोडली होती, त्याला चार वर्षं झाली होती. गावात राहिले तर परत सुरू होईल, ही भीती होती.

"तिकडं सहज मिळत नाही म्हणून तर मी त्यांना जाऊ दिलं," ती म्हणाली. "कॅम्पातल्या कुणीतरी दिली असणार. तुमच्या कानावर काय आलं काय?"

मी नाही म्हणालो. चौकशी करतो, असंही म्हणालो. ती म्हणाली, करा हो साहेब, आणि माझे आभार मानले.

त्या नंबरवरून नंतर दोनदा मिस्ड कॉल आला. दोन्ही वेळा फोन माझ्या हातातच होता.