लघवीचं माप

सोलापुरात माझ्या आईचं डायलिसिस ज्या वॉर्डात व्हायचं, तिथे अकलूजकडची एक बाई नवऱ्याला घेऊन यायची. ती गावच्या डेअरीत दूध मोजायची. नवऱ्याची लघवीही ती तशीच मोजायची, भांडं डोळ्यांसमोर धरून, एक डोळा मिटून. डॉक्टरांच्या सांगण्यावरून रोजचा आकडा वहीत लिहायची.

नवऱ्याचं यकृत निकामी झालं होतं आणि किडन्याही काम करत नव्हत्या. सहा आठवड्यांत किडन्या सुधारल्या नाहीत, तरच पुण्यातले डॉक्टर त्याचं नाव दोन्ही अवयवांच्या प्रत्यारोपणाच्या यादीत घालणार होते. सुधारल्या, तर फक्त यकृत.

पाचव्या आठवड्यात मी तिला अर्धी लघवी मोरीत ओतून मग माप घेताना पाहिलं. ती दचकली नाही.

“दुधाच्या मापात कवा खोट केली न्हाय, दादा,” ती म्हणाली. “पण एकटं लिव्हर बसवलं आन् मागनं किडनी गेली, तर परत रांगंत हुबं ऱ्हायाचं? एवढा दम हाय का त्येंच्यात?”

वहीचा उपयोग झाला नाही. रक्ताच्या तपासणीत किडन्या थोड्या सुधारल्याचं दिसलं.

“पेढे आणा ताई, डायलिसिस बंद,” सिस्टर हसून म्हणाल्या. त्या वॉर्डात चांगल्या बातमीनं पडलेला चेहरा मी तेवढा एकच पाहिला.

“परत बिघडली, तर मागचे पाच आठवडे धरत्यात का?” बाईनं सिस्टरना विचारलं.

“नाही. पहिल्यापासून मोजायचे.”

“बरं,” ती म्हणाली आणि वाकून नवऱ्याच्या पायात चपला घालू लागली.